समाजोपयोगी कामाचा पगार येतो कुठून?

लोकांच्या उपयोगी पडेल असं काम करायचंय, पण घरही चालवायचंय. अशी नोकरी मिळते का? एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, शेवटच्या वर्षाची मुलं हे विचारतात, तसे दहा वर्षं आयटीत काढलेले लोकही विचारतात. उत्तर आहे: मिळते. महाराष्ट्रात तर अनेक प्रकारची मिळते. पण जाहिराती चाळायला बसण्याआधी एक गोष्ट समजून घेतली तर पुढची बरीच फरफट वाचते. या क्षेत्रात पगार नेमका कोण देतं आणि तो पैसा कुठून येतो?

किराणा दुकानात माल नेणारा आणि पैसे देणारा माणूस एकच असतो. माल वाईट निघाला तर तो पुन्हा येत नाही. सामाजिक संस्थेत सेवा घेणारा एक आणि पैसे मोजणारा दुसराच. मेळघाटातल्या बाळंतिणीसाठीचा पैसा मुंबईच्या एखाद्या कंपनीतून, दिल्लीच्या मंत्रालयातून किंवा परदेशातल्या फाउंडेशनकडून येतो. त्यामुळे तुमची नोकरी किती महिन्यांची, पगार किती, दिवसभर गावात फिरायचं की रिपोर्ट भरायचे, हे बरंचसं त्या पैशाच्या अटींवर ठरतं. संस्था कितीही चांगली असली तरी.

कंपन्यांचा पैसा

सध्या ज्या नोकऱ्यांच्या जाहिराती सर्वाधिक दिसतात त्यांच्यामागे बहुतेकदा सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून करायचा खर्च असतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे (तिन्हींपैकी एकही अट पुरते), तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. साहजिकच चाकण, तळोजा, बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतींच्या परिसरात प्रकल्पांची गर्दी होते आणि नंदुरबार किंवा हिंगोलीच्या वाट्याला हा पैसा सहजी येत नाही. गरज जिथे जास्त तिथे नोकऱ्या कमी, याचं हे एक मोठं कारण.

हा पैसा आतून कसा वाटला जातो ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. समजा, एका कंपनीने एका तालुक्यातल्या २० जिल्हा परिषद शाळांमध्ये वाचन-गणित सुधारण्यासाठी संस्थेला वर्षाचे ४० लाख रुपये मंजूर केले. टॅब, पुस्तकं, इतर साहित्य यांना १८ लाख. शाळाशाळांत जाऊन मुलांबरोबर काम करणारे पाच कार्यकर्ते, प्रत्येकी महिना १८ हजार, म्हणजे १० लाख ८० हजार. एक समन्वयक महिना ३० हजारांवर, ३ लाख ६० हजार. प्रवास २ लाख ४० हजार, प्रशिक्षण २ लाख २० हजार. उरलेले ३ लाख ऑफिसचं भाडं, हिशेब आणि ऑडिटला.

आता कंपनीचा अधिकारी हा कागद पाहतो आणि म्हणतो, ‘पगारावरच चौदा-साडेचौदा लाख? हे कमी करा, साहित्य वाढवा.’ संस्था दोन कार्यकर्ते कमी करते. पूर्वी एकाकडे चार शाळा होत्या, त्या आता सहा-सात होतात. आठवड्यातून एकदा होणारी भेट पंधरवड्यावर जाते. टॅब मात्र आणखी येतात, कंपनीचं बोधचिन्ह लावून, आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद राहतात, कारण ते मुलांच्या हातात देऊन शेजारी बसणारं माणूसच उरलेलं नसतं. या सगळ्या ४० लाखांत मूल वाचायला शिकतं ते त्या १८ हजारांच्या माणसामुळे. तो पगार हा प्रकल्पाचा वरखर्च मानला जातो, याची मला मनापासून चीड येते. तो पगार म्हणजेच प्रकल्प आहे.

यात नियमाचा एक गैरसमजही मिसळलेला असतो. सीएसआरच्या एकूण खर्चापैकी प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे. पण ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागासाठी आहे. संस्थेतल्या माणसांच्या पगारालाही ती लागू आहे असं धरून चालणारे लोक या क्षेत्रात अनेकदा भेटतात.

नोकरी शोधणाऱ्याला यातून काय कळतं? एक तर वेळापत्रक. कंपन्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च. मंजुरी, करार, पहिला हप्ता हे सगळं होईतो जुलै उजाडतो आणि तुमच्या हातात नऊ महिन्यांचं नियुक्तिपत्र पडतं: ‘३१ मार्चपर्यंत, पुढे अनुदानाच्या उपलब्धतेनुसार.’ हे वाक्य वाचून घाबरायचं कारण नाही, पण त्याकडे दुर्लक्षही करू नये. कायद्यात चालू प्रकल्प म्हणून एक वेगळा प्रकार आहे; तो सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालू शकतो. तुमचं पद अशा बहुवर्षीय प्रकल्पावर आहे की वर्षाच्या करारावर, हे विचारून घ्यावं.

आणखी एक बाब कमी लोकांना माहीत असते. ज्या कंपन्यांवर सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआरची जबाबदारी आहे, त्यांना १ कोटी व त्यावरच्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन त्रयस्थ संस्थेकडून करून घ्यावं लागतं. त्यामुळे सर्वेक्षण, आकडेवारी, मुलाखती घेणं, अहवाल लिहिणं अशी कामं वाढली आहेत. संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकलेल्या मुलांना इथे चांगली वाट आहे.

परदेशातून येणारा पैसा

हा पैसा २०१० च्या परदेशी देणगी नियमन कायद्याखाली येतो; सगळे त्याला एफसीआरए म्हणतात. सप्टेंबर २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई झाली. दुसरा बदल वाचताना किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात त्याआधी मोठी संस्था देणगी आणायची आणि तालुक्यातल्या लहान संस्थांना त्यातून वाटा द्यायची. तिथल्या चार-पाच जणांचे पगार त्यावर निघायचे. ती साखळी तुटली. २० टक्क्यांच्या हिशेबात रुग्णालयातल्या डॉक्टरांचे किंवा शाळेतल्या शिक्षकांचे पगार मोजत नाहीत, व्यवस्थापन आणि कार्यालयाचे मोजतात. म्हणून परदेशी निधीवरच्या संस्थेत ऑफिसमधली पदं आखडलेली असतात आणि तिथे एकेका माणसावर तिघांचं काम असतं.

परदेशी पैशाची खरी जोखीम मात्र नियमांपेक्षा मोठी आहे. तो हजारो मैलांवरच्या एका निर्णयाने थांबू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी मदत रोखली, आणि १ जुलै २०२५ रोजी ती मदत देणारी त्यांची संस्था, यूएसएड, बंदच झाली. त्या धक्क्यात हैदराबाद, कल्याण आणि पुण्यातली मित्र क्लिनिक बंद करावी लागली. तृतीयपंथी लोकांसाठीचे हे दवाखाने बऱ्याच अंशी त्याच समाजातले लोक चालवत होते. ज्यांना इतर कुठे कोणी नोकरीवर उभं करत नाही, त्यांची सन्मानाची नोकरी गेली. कामात खोट नव्हती.

सरकारी पैसा, आणि २५० रुपयांचा हिशेब

सरकारकडे पैसा सर्वात जास्त, पोहोच सर्वात जास्त, आणि माणसांची नोकरी कागदावर कच्ची ठेवण्याची सवयही सर्वात जास्त. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळ जन्मल्यावर घरी जायचं, झोळीत घालून वजन करायचं, ताप मोजायचा, घड्याळ समोर धरून मिनिटभर श्वास मोजायचे; ६० किंवा त्याहून जास्त भरले तर धोका. जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून उपचार करणंही त्या शिकल्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. कमी शिकलेल्या, पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या बायकांनी हे केलं. अर्थपूर्ण काम म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी हेच उदाहरण देईन.

पुढे २०११ मध्ये याच धर्तीवर घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आशांकडे, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्तींकडे दिला गेला. बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत सहा भेटी, घरी बाळंतपण झालं असेल तर सात, आणि त्या सगळ्या भेटींचा मिळून केंद्राने ठरवलेला मोबदला २५० रुपये. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. तरीही त्या आजही सरकारी कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. संपावर गेल्याशिवाय मोबदला वाढत नाही, हे महाराष्ट्रातल्या आशांनी पुन्हा पुन्हा अनुभवलं आहे.

‘उमेद’ म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची गोष्टही फार वेगळी नाही. २०११ पासून गावोगावी बचतगट उभे करणारं हे अभियान हजारो कंत्राटी माणसांच्या आणि मानधनावरच्या सीआरपी ताईंच्या (गावातल्याच, बचतगटांना मार्गदर्शन करणाऱ्या बायकांच्या) जोरावर चाललं आहे. कायम करा म्हणून त्यांना आझाद मैदानावर बसावं लागलं. तरीही तालुक्यात राहून, आपल्या भाषेत, हजारो बायकांबरोबर काम करण्याची इतकी मोठी संधी दुसरीकडे क्वचितच मिळते. या नोकऱ्यांकडे जाताना मानधन दोन-तीन महिने उशिरा येऊ शकतं हे धरून हाताशी थोडी शिल्लक ठेवावी, एवढं सांगावंसं वाटतं.

आणि समाजोपयोगी काम म्हणजे फक्त संस्था, हा समजही बरोबर नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर, अंगणवाडी पर्यवेक्षिका, मन लावून काम करणारा ग्रामसेवक यांच्या हातून होणारं भलं अनेक संस्थांच्या वार्षिक अहवालांपेक्षा मोठं असतं. शिवाय पगार कायम असतो.

स्वतःच्या कमाईवर चालणारं काम

पगाराची सर्वात भक्कम बाजू इथे आहे, असं माझं मत आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी राहिली आणि त्यातून २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करू लागली. सभासद स्वतः कचरावेचक. घराघरांतून कचरा गोळा करायचा, त्याचं दरमहा शुल्क घरांनी द्यायचं, भंगार विकून येणारे पैसे त्यांचेच. इथे सेवा घेणारा आणि पैसे देणारा पुन्हा एक झाला. या संस्थेला समन्वयक लागतात, हिशेबनीस लागतात, महापालिकेशी बोलणी करणारे लागतात.

साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली. प्रवर्तक बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला होता. त्या लिहा-वाचायला शिकल्या आणि परवाना घेऊन आल्या. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू झालं आणि पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांच्या जोरावर गरिबांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करत वाढलं. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी. तिथे कृषी पदवीधराला रीतसर नोकरी मिळते आणि त्याचं काम थेट शेतकऱ्याच्या पदरात पडतं. अशा ठिकाणी देणगीदाराचं मन बदललं म्हणून नोकरी जात नाही. धंदा बसला तर मात्र जाते, आणि धंद्याचं सगळं दडपण अंगावर येतं.

कमी पगार कोणाला परवडतो?

‘समाजसेवाच करायची तर पगार कशाला हवा?’ असं अजूनही ऐकायला मिळतं. त्याग करणाऱ्यांबद्दल मला नितांत आदर आहे. महाराष्ट्राचं समाजकार्य त्यांनीच उभं केलं. पण त्याग ही नोकरीची अट झाली की नोकरीवर कोण येतं ते पाहा. ज्याच्या घरी पुण्यात फ्लॅट आहे आणि वडिलांची पेन्शन आहे, त्याला १५ हजारांवर दोन वर्षं काढता येतात. जी मुलगी पारध्यांच्या पालावरून पदवीपर्यंत आली, जिच्या पगारावर धाकट्या भावाची फी अवलंबून आहे, तिला ते जमत नाही. ती बँकेत किंवा कॉल सेंटरला जाते. म्हणजे प्रश्न आतून माहीत असलेली माणसं बाहेर राहतात आणि त्यांच्यासाठी काय करायचं हे इतर जण ठरवतात. चांगला पगार मागणं म्हणजे लोभ नव्हे. तो मागितला जात नाही म्हणून या क्षेत्राचं नुकसान झालं आहे.

एकाच संस्थेतही मुंबईच्या कार्यालयात इंग्रजीत प्रपोजल लिहिणाऱ्याचा पगार आणि पाड्यावर जाणाऱ्याचा पगार यांत मोठी तफावत असते. मुलाखतीला गेल्यावर तिथल्या फिल्डच्या लोकांशी चहा घेत बोलावं. किती वर्षं झाली, मागच्या वर्षी किती जण सोडून गेले, पेट्रोलचे पैसे वेळेवर मिळतात का? जाहिरातीत ‘स्वतःची दुचाकी आवश्यक’ असं असतं. किलोमीटरमागे किती देणार हे तिथे लिहिलेलं नसतं. रोज ७० किलोमीटर फिरावं लागलं तर महिन्याचा बराच पगार पंपावरच जातो.

संस्थेकडे थेट विचारायचे प्रश्नही ठरवून जावं. माझं पद कोणत्या अनुदानावर आहे, ते कधी संपतं? मी कर्मचारी असेन की सल्लागार? हा फरक फार मोठा आहे. सल्लागाराच्या करारात सहसा १० टक्के टीडीएस कापून पैसे मिळतात आणि पीएफ नसतो, भरपगारी रजा नसते. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेला पीएफ लागू होतो. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असलीच पाहिजे; सामाजिक संस्थांना यातून सूट नाही, आणि एकटीने दुर्गम भागात फिरणाऱ्या कार्यकर्तीसाठी हा प्रश्न औपचारिक नाही. संस्थेचे वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब मागून वाचावेत. एकाच देणगीदारावर सगळा डोलारा असेल तर ते दोन पानांत दिसतं. विचारल्यावर कोणी नाराज झालं तर तीही माहितीच.

काम खरंच उपयोगाचं आहे का, हे ताडायला मी एकच प्रश्न विचारतो: ‘तुम्ही काय बंद केलंत?’ जी संस्था आपलं काम तपासते, तिने उपयोग न झालेला एखादा उपक्रम कधी तरी थांबवलेला असतो आणि तिला त्याबद्दल मोकळेपणाने बोलता येतं.

सुरुवात कुठून

पदवी असलीच पाहिजे असं नाही, पण समाजकार्याचं शिक्षण घ्यायचं तर मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून आहे. दिशा चाचपडणाऱ्यांसाठी ‘सर्च’ने २००६ मध्ये सुरू केलेलं ‘निर्माण’ शिबिर मला विशेष महत्त्वाचं वाटतं. तिथे मराठीत विचार करणाऱ्या मुलामुलींना आपल्यासारखे इतर भेटतात. शिकता शिकता थोडं मानधन मिळेल अशा फेलोशिपही आहेत: शाळेत दोन वर्षं शिकवण्याची टीच फॉर इंडिया, १३ महिने गावात राहण्याची एसबीआय युथ फॉर इंडिया, प्रशासन आतून पाहण्यासाठी मुख्यमंत्री फेलोशिप. फेलोशिपच्या पैशात घरी पाठवण्याइतकं उरेलच असं नाही. ज्यांच्यावर घर अवलंबून आहे त्यांनी फेलोशिपच्या मागे न लागता थेट नोकरी पाहावी. त्यांचं काही कमी होत नाही.

आणि आपल्याकडे आधीपासून असलेलं कौशल्य टाकून देऊ नये. अनेकांना वाटतं, नोकरी सोडून गावात झाडं लावली तरच ते समाजकार्य. पण संस्थांना एफसीआरए आणि सीएसआरचे हिशेब चोख ठेवणारा अकाउंटंट मिळता मिळत नाही. एक्सेलमध्ये गोंधळलेली माहिती सरळ करणारं माणूस, इलेक्ट्रिशियनचा कोर्स शिकवू शकणारा निदेशक, फिजिओथेरपिस्ट, वकील, मराठीत स्वच्छ लिहिणारा प्रशिक्षक यांची गरज मोठी आहे. अशी माणसं पगाराची बोलणीही बरोबरीच्या नात्याने करू शकतात.

अर्ज करायला मे-जून चांगला, कारण नव्या वर्षाची अनुदानं तेव्हा मार्गी लागत असतात. जाहिरातीची वाट न पाहता तीन-चार संस्था नीट वाचून त्यांना थेट पत्र लिहावं. लहान संस्था जाहिरातच देत नाहीत, ओळखीतून माणूस शोधतात. होकार आला की पद, पगार, प्रवासखर्च, रजा आणि मुदत लेखी घ्यावी. ‘आपण सगळे एका कुटुंबासारखे आहोत, कागदाचं काय’ असं कोणी म्हणालं तरी घ्यावी.